बिल्ड शंभर टक्के, रेडिओ गायब: एसआरएसरॅन ४जी सोर्सपासून बिल्ड करताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

"मामा, परत तेच."

रात्री सव्वाअकराला भाच्याचा फोन आला की 'तेच' म्हणजे काय हे विचारावं लागत नाही. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो. लॅपटॉपच्या स्क्रीनचा, तिरका, कोपऱ्यात ट्यूबलाइट चमकतेय. मेक (कोडपासून प्रोग्रॅम बांधणारी कमांड) शंभर टक्क्यांपर्यंत गेलेलं, कुठे लाल ओळ नाही. आणि खाली बेस स्टेशन सुरू केल्या केल्या त्याने मान टाकलेली: रेडिओ उघडता आला नाही.

भाचा ठाण्यात वर्तकनगरला राहतो, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौघांनी मिळून प्रोजेक्ट घेतलाय: एसआरएसरॅन ४जी हा मोबाइल नेटवर्कचा सॉफ्टवेअर संच सोर्सपासून (मूळ कोडपासून) बिल्ड करायचा आणि एकाच लॅपटॉपवर फोनपासून कोअरपर्यंत अख्खं एलटीई, म्हणजे ४जी, नेटवर्क उभं करायचं. मी ऐरोलीत राहतो, नोकरी महापेला, टेलिकॉम टेस्टिंगमधली. त्यामुळे घरातला रेडिओवाला मीच. गेल्या चार महिन्यांत ही एकच तक्रार मी या चौघांच्या लॅपटॉपवर मिळून अकरा वेळा सोडवली. दर वेळी त्यांना ती नवीन वाटते, कारण दर वेळी शेवटची ओळ वेगळी असते. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय, पुढच्या फोनला हेच पाठवून देईन.

कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती कशी टाकायची हे वाचणाऱ्याला सांगायला नको.

ज्यांना हा संच नवा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. एसआरएसरॅन आयर्लंडच्या सॉफ्टवेअर रेडिओ सिस्टिम्सचं. २०२१ पर्यंत त्याचं नाव एसआरएसएलटीई होतं. मग नाव बदललं, पुढे ५जीचा वेगळा प्रकल्प निघाला आणि जुन्याच्या मागे ४जी लागलं. एका मालाला तीन नावं, त्यामुळे जुना व्हिडिओ बघून जुन्या नावाचं पॅकेज टाकणारे अजूनही भेटतात. आत तीन प्रोग्रॅम आहेत: ईपीसी म्हणजे कोअर (नेटवर्कचा मधला भाग), ईएनबी म्हणजे बेस स्टेशन आणि यूई म्हणजे फोन.

आम्ही हवेत काहीही सोडत नाही. एलटीईचे बँड कंपन्यांनी लिलावात घेतलेले आहेत, परवान्याशिवाय त्यात प्रसारण करणं कायद्यात बसत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी माझ्या खिडकीतून ठाणे-वाशी लोकल दिसते. गाडीभर लोकांच्या फोनना भलतंच बेस स्टेशन दाखवायचं धाडस मला तरी नाही. म्हणून अँटेनाऐवजी झीरोएमक्यू, म्हणजे प्रोग्रॅममध्ये निरोप पोचवणारी लायब्ररी. ईएनबी आणि यूई रेडिओचे नमुने एकमेकांना टीसीपीवरून पाठवतात, बाकी सगळा स्टॅक खराच चालतो. नेटवर्कचा क्रमांकही ००१-०१ ठेवायचा, ००१ हा चाचणीसाठी राखीव आहे. भारतातल्या खऱ्या नेटवर्कचे ४०४ आणि ४०५ ने सुरू होतात, त्यांना हात लावायचं कारणच नाही.

आता हे लक्षात घ्या, कारण इथेच निम्म्या मुलांची गाडी चुकते. या मांडणीत 'रेडिओ' म्हणजे एक लायब्ररी. रेडिओ उघडला नाही म्हणजे केबल सैल नाही, यूएसबी पोर्ट खराब नाही. एका लॅपटॉपवर तर यूएसबी थ्रीची केबल बदलून बघितली होती, जिच्या दुसऱ्या टोकाला काहीच जोडलेलं नव्हतं!

सीमेक काय बोललं ते कुणी ऐकलंच नाही

रविवारी चौघं घरी आले. ठाण्याहून नऊ नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून गाडी पकडली की दिघा गाव आणि मग ऐरोली, म्हणजे फोनवर तासभर डोकं खाण्यापेक्षा येणं सोपं. मी म्हटलं, मेकचं राहू दे, सीमेकचा (मेकच्या आधी मशीन तपासून बिल्ड फाइल्स लिहिणाऱ्या कमांडचा) आउटपुट दाखवा. चौघांकडेही नव्हता. सर्रकन वर निघून गेलेला असतो आणि शेवटी 'बिल्ड फाइल्स लिहून झाल्या' असं आलं की सगळे पुढे मेक मारतात.

सगळी गोम तिथेच आहे. सीमेक चालतं तेव्हा ते मशीनवर रेडिओच्या लायब्ररी शोधतं: यूएचडी, ब्लेडआरएफ, सोपी-एसडीआर, झीरोएमक्यू. सापडलं तर 'सापडलं' म्हणून पत्त्यासकट ओळ छापतं. नाही सापडलं तर ती चूक समजत नाही, गुपचूप वगळतं आणि पुढे जातं. सगळ्यांकडे सगळे रेडिओ नसतात, त्यामुळे हे योग्यच आहे. पण तुम्हाला हवी तीच गोष्ट वगळली गेली तरी बिल्ड शंभर टक्केच होतं. शंभर टक्के कशाचे, तर जे उरलं त्याचे.

यातही दोन तऱ्हा दिसतात. दुसरा कुठला तरी रेडिओ सापडलेला असेल (भाच्याने कुठल्याशा यादीतून यूएचडीचं डेव, म्हणजे बिल्डसाठी लागणारं, पॅकेज टाकलं होतं) तर ईएनबी तयार होतं, चालतं आणि चालू होताना छापलेल्या उपकरणांच्या यादीत झेडएमक्यू, म्हणजे झीरोएमक्यू, नसतं. एकही रेडिओ सापडला नाही तर मात्र यूई आणि ईएनबी बांधलेच जात नाहीत. सीमेक तसं एका साध्या, बिनलाल ओळीत सांगतं, आणि मेक तरीही शंभरावर जाऊन पोचतं. मग मुलगा ईएनबी चालवतो आणि ते चालतंसुद्धा! कारण कधीकाळी एपीटीने (उबंटूच्या तयार पॅकेज टाकणाऱ्या कमांडने) टाकलेलं जुनं ईएनबी मशीनवर पडून असतं. आता तो नव्या कॉन्फिगने जुना प्रोग्रॅम चालवतोय, आणि जी एरर येतेय तिचा या बिल्डशी काडीचा संबंध नाही.

भाच्याचा युक्तिवाद तयार होता. "पण मामा, कॅश फाइलमध्ये झीरोएमक्यू ऑन दाखवतंय ना!"

दाखवतंय. सीमेककॅश फाइल (सीमेक आपले निकाल लिहून ठेवतं ती) उघडली तर एनेबल-झीरोएमक्यूसमोर ऑन लिहिलेलं असतं, आणि ते जन्मापासून ऑनच असतं. त्याचा अर्थ 'सापडलं तर घे' एवढाच. त्याच फाइलमध्ये झीरोएमक्यू लायब्ररीचा पत्ता शोधायचा. तिथे भाच्याच्या मशीनवर नॉटफाउंड होतं. ऑन ही इच्छा आहे, पत्ता ही वस्तुस्थिती आहे. बघायचा तो पत्ता.

मग नॉटफाउंड का? तो म्हणाला, झीरोएमक्यू तर आहे, एपीटीला विचारलं तर 'आधीच टाकलेलं आहे' म्हणतं. विचारलं काय होतं? लिबझेडएमक्यू५. ही फक्त चालवायची लायब्ररी, दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमबरोबर आपोआप येते. बिल्डसाठी हेडर (लायब्ररी वापरताना कंपायलरला लागणाऱ्या फाइल) लागतात, ते असतात लिबझेडएमक्यू३-डेवमध्ये. हो, चालवायच्या पॅकेजवर पाच आणि डेववर तीन. आकडा जुळत नाही म्हणून मुलं बिचकतात आणि लिबझेडएमक्यू५-डेव शोधत बसतात. तसं काही नाही. तीनवालं डेव टाका, तेच बरोबर आहे.

न सापडलेलं विसरतं, सापडलेलं विसरत नाही

डेव पॅकेज टाकलं. भाच्याने लगेच मेक मारलं. काही फरक नाही. 'बघ, मी सांगत होतो' असा चेहरा.

मेक स्वतःहून सीमेक पुन्हा चालवत नाही, सीमेकच्या फाइलमध्ये बदल झाला तरच चालवतं. मशीनवर नवी लायब्ररी आली हे त्याला कसं कळणार? म्हणून लायब्ररी टाकल्यावर सीमेक पुन्हा चालवावं लागतं. मागच्या वेळी न सापडलेल्या गोष्टी सीमेक प्रत्येक वेळी नव्याने शोधतं, त्यामुळे एवढ्यावर काम भागतं.

उलट बाजू जास्त त्रासाची आहे. जे एकदा सापडलं त्याचा पत्ता कॅशमध्ये पक्का बसतो आणि सीमेक पुन्हा शोधतच नाही. चौघांतल्या एकाने आधी लिबझेडएमक्यूसुद्धा सोर्सपासून बिल्ड करून यूझर-लोकलमध्ये टाकली होती. मग कुणीतरी सांगितलं म्हणून ती काढली आणि एपीटीची घातली. आता मशीनवर लायब्ररी आहे, हेडर आहेत, सीमेक आनंदात आहे आणि मेक म्हणतंय की यूझर-लोकल-लिबमधली लिबझेडएमक्यू बनवायचा नियमच माहीत नाही. 'नो रूल टू मेक टार्गेट' ही ओळ दिसली आणि पुढे एखाद्या लायब्ररीचा पूर्ण पत्ता असेल, तर मेकफाइलमध्ये खोट काढत बसू नका. त्या पत्त्यावर आता कुणी राहत नाही, एवढंच ते सांगतंय.

यावर माझा उपाय आळशी माणसाचा आहे: बिल्ड फोल्डर सरळ उडवायचं. आतल्या फाइल नाही, फोल्डरच. नवं करायचं, आत जाऊन सीमेक चालवायचं आणि या वेळी आउटपुट टी लावून फाइलमध्ये ठेवायचा. मग त्या फाइलमध्ये झीरोएमक्यूची ओळ ग्रेपने शोधायची. 'सापडलं' आणि पुढे पत्ता दिसला तरच मेक. नसेल तर तिथेच थांबायचं, मेकची वीसपंचवीस मिनिटं वाया घालवायची नाहीत. मेक क्लीनने भागत नाही, ते ऑब्जेक्ट फाइल पुसतं, कॅशला हात लावत नाही.

चौघांतला एक जण दर वेळी उबंटूच नव्याने टाकायचा आणि 'जमलं' म्हणायचा. जमायचं, कारण उबंटूबरोबर त्याचं बिल्ड फोल्डरही जायचं. उंदरासाठी घर जाळण्यातला प्रकार.

आणि ही अडचण एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर सर्दीसारखी का पसरायची, तेही त्या रविवारी कळलं. एकाचं चाललं की तो अख्खं फोल्डर, बिल्डसकट, पेनड्राइव्हवर टाकून बाकीच्यांना द्यायचा. कॅशमध्ये त्याच्या होम फोल्डरचे पत्ते. कधी सीमेक सरळ तक्रार करतं की ही कॅश दुसऱ्या जागी बनली आहे, तो बरा प्रसंग. वाईट प्रसंग म्हणजे तयार प्रोग्रॅमच उचलून नेणं. हा संच ज्या मशीनवर बिल्ड होतो तिथल्या प्रोसेसरच्या सूचना वापरून कंपाईल होतो. नव्या लॅपटॉपवर बनलेला प्रोग्रॅम एव्हीएक्स२ नसलेल्या जुन्या मशीनवर नेला की 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून जागेवर आडवा. सोर्स द्या एकमेकांना, बिल्ड नाही. डबा घरचा आणा, उष्टं ताट नको.

चालतंय ते नेमकं कुठलं?

बिल्ड नीट झालं, पत्ता दिसला, तरी रेडिओ नाही, असंही दोनदा झालं. एकदा कारण शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणारं बॅश, होतं. व्हिच मायनस ए करून ईएनबी विचारलं तर दोन पत्ते: यूझर-लोकल-बिनमधलं आपलं, यूझर-बिनमधलं एपीटीचं. आपलं आधी आहे, मग जुनं का चालतं? कारण त्याच टर्मिनलमध्ये त्याने इन्स्टॉलच्या आधी जुनं एकदा चालवलं होतं, आणि बॅश एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतं. हॅश मायनस आर, नाहीतर टर्मिनल बंद करून नवं उघडा. एपीटीचं काढून टाकलंत तर प्रश्नच मिटला. दोन आवृत्त्या एका मशीनवर नांदवण्यात मला आजवर काही फायदा दिसलेला नाही.

दुसऱ्या वेळी इन्स्टॉल केल्यावर एलडीकॉन्फिग (लोडरला लायब्ररींचे पत्ते कळवणारी कमांड) चालवलं नव्हतं. अलीकडच्या आवृत्त्यांत प्रत्येक रेडिओचा ड्रायव्हर वेगळी प्लगइन लायब्ररी म्हणून बनतो आणि ईएनबी ती चालू होताना उघडतं. म्हणून ईएनबीवर एलडीडी (कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) चालवून झेडएमक्यू शोधलंत तर तिथे काही दिसणार नाही, आणि दिसत नाही म्हणून घाबरायचंही नाही. एलडीडी चालवायचं ते लिबएसआरएसरॅन-आरएफ-झेडएमक्यू या प्लगइनवर. तिथे एखाद्या लायब्ररीपुढे 'नॉट फाउंड' आलं की गुन्हेगार सापडला. प्लगइनच यूझर-लोकल-लिबमध्ये आहे आणि लोडरला माहीत नाही, असं असेल तर एकदा सुडो एलडीकॉन्फिग, बस.

उबंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेलेल्यांना याचाच चुलतभाऊ भेटतो. बूस्ट या सी++ लायब्ररीची १.७४ ची फाइल सापडत नाही, कारण नव्या उबंटूत बूस्ट १.८३ आहे. अशा वेळी १.८३ च्या फाइलला १.७४ नावाची लिंक करून द्या असा सल्ला मिळतो. करू नका. चालू होईल आणि भलत्या ठिकाणी पडेल. बिल्ड फोल्डर उडवा, पुन्हा बांधा. तिथे जीसीसी हा कंपायलरही ११ वरून १३ झालेला असतो आणि या संचात वॉर्निंगलाच एरर मानायची सोय मुळात चालू आहे, त्यामुळे काल बिनतक्रार बांधलेला कोड आज एखाद्या वॉर्निंगवर अडू शकतो. सीमेकला एनेबल-डब्ल्यूएरर ऑफ द्या. कोड बिघडलेला नाही, परीक्षक कडक झालाय.

मेक मधेच 'किल्ड' म्हणून मेलं तर तो वेगळाच आजार, पण ओळखायला सोपा. आठ जीबीच्या लॅपटॉपवर क्रोमचे तीस टॅब उघडे आणि मेकला सगळे कोअर दिलेले. डीमेसेजमध्ये मेमरी संपल्याची नोंद दिसेल. क्रोम बंद, मेक मायनस जे २, आणि चहा.

पोर्ट, आणि वीज

रेडिओ उघडला आणि लगेच 'पत्ता आधीच वापरात' अशी ओळ आली तर आधीचं ईएनबी मरताना नीट मेलेलं नाही, अजून पोर्ट धरून बसलंय. पीकिल करा. पोर्ट नेहमी आलटून पालटून: ईएनबी २००० वर पाठवतं आणि २००१ वरून ऐकतं, यूई बरोबर उलट. कॉपी-पेस्ट करताना दोन्हीकडे सारखेच आकडे गेले की एक तर वरची एरर येते, नाहीतर दोघं गप्प बसतात.

यूईला वेगळी नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे त्याच मशीनमध्ये वेगळं राखलेलं नेटवर्क, लागते. सुडो आयपी नेटएनएस अ‍ॅड यूई१, आणि मग यूई सुरू करताना तीच यूई१ द्यायची. ही नेमस्पेस मशीन रीस्टार्ट झालं की उरत नाही. जूनमध्ये कळव्याला एकाच्या घरी संध्याकाळभर वीज जात-येत होती, डेस्कटॉप तीनदा बंद पडला, आणि तिन्ही वेळा 'सकाळी चालत होतं, आता यूई सुरूच होत नाही' असा निरोप आला. सकाळी चालत होतं कारण नेमस्पेस सकाळी होती. ती ओळ एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घालून ठेवा, दर वेळी आधी ती चालवा.

सगळं जुळलं की यूईच्या टर्मिनलवर नेटवर्कशी जोडणी झाल्याची ओळ येते आणि पुढे आयपी पत्ता, बहुधा १७२.१६.०.२. कोअरचा पत्ता १७२.१६.०.१.

परवा भाच्याचा फोन आला. या वेळी दुपारी, म्हणजे बातमी चांगली असणार.

"मामा, जमलं! कोअरला पिंग जातंय, एक पॅकेट पडत नाही."

"किती वेळ लागतोय?"

"शून्य पूर्णांक शून्य चार मिलिसेकंद."

एलटीईच्या स्टॅकमधून जाऊन येणाऱ्या पिंगला दहावीस मिलिसेकंद तरी लागायला हवेत. मी म्हटलं, "यूई बंद कर आणि परत पिंग मार."

थोडा वेळ कीबोर्डचा आवाज.

"मामा... तरीपण जातंय."

कोअर त्याच लॅपटॉपवर आहे. नेमस्पेसच्या बाहेरून पिंग केलं की कर्नल घरातल्या घरात उत्तर देऊन मोकळं होतं, रेडिओकडे कुणी जातच नाही. पिंगच्या आधी सुडो आयपी नेटएनएस एक्झेक यूई१ लावायला सांगितलं. या वेळी आकडा आला सव्वीस मिलिसेकंद, पुढचा एकतीस, आणि यूई बंद केल्यावर पिंग थांबलं.